हौसेला मोल नसतं, आणि गिऱ्हाईकही नसतं

पत्र

सर, नमस्कार.

मी नोकरी करते, वय ४६. धाकटा भाऊ ३८ चा. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी आईवडिलांचं राहतं घर स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतलं. ते इतकं छान झालं, की येईल तो म्हणायचा, तुम्ही हा धंदाच का करत नाही? भावाने ते मनावर घेतलं. आठ महिन्यांपूर्वी आम्ही एक जुनं बैठं घर विकत घेतलं, थोडे पैसे माझ्या साठवणुकीतले, बाकी कर्ज. भावाने नोकरी सोडली. खरे आकडे लिहीत नाही, घराची किंमत १०० धरते. आमचा हिशोब असा होता: १०० ला घर, दुरुस्तीला २०, चार महिन्यांत काम पुरं, १५० ला विक्री, ३० हातात.

आज आठ महिने झाले. दुरुस्तीत २४ गेले आणि काम अजून बाकी आहे. भाऊ म्हणतो, आता कच खायची नाही. आणखी १२ घालू, स्वयंपाकघर आणि बाथरूम एकदम भारी करू, दलाल १७० येतील म्हणतोय. बाथरूमसाठी त्याने मोठा टबही आणून ठेवलाय. आमच्याच रस्त्यावरचं, एवढंच घर दोन महिन्यांपूर्वी १४८ ला गेलं, पण भाऊ म्हणतो त्या घरात काही दम नव्हता. बाथरूमच्या मागच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल येते. दोनदा रंगवली, तरी पोपडे सुटतात. मला रात्री झोप लागत नाही. आणखी कर्ज काढावं का? आणि भावाशी बोलू कशी? आकडा काढला की तो चिडतो.

ता. क. मधली भिंत काढून स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एक केली, ते मात्र फार सुरेख दिसतंय. फक्त तेव्हापासून शेजारच्या खोलीचं दार वर घासायला लागलंय. सुताराला बोलावलंय.

उत्तर

ताई, सुताराला आधी नको म्हणून कळवा.

कर्ज, टब, भाऊ, सगळ्यावर बोलू. पण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जुन्या बैठ्या घरांत बऱ्याचदा कॉलम आणि बीम नसतातच. छताचं ओझं भिंतीच पेलतात. त्यातली एक काढली की तिच्या वाट्याचं ओझं बाकीच्यांवर जातं, आणि ज्या भिंतीला ते झेपत नाही ती केसभर खाली बसते. केसभरच, पण चौकट तिरकी व्हायला तेवढं पुरतं. मग दार वरच्या कोपऱ्यात घासतं. सुतार येईल, दाराची वरची कड रंध्याने तासून देईल, दार पुन्हा लोण्यासारखं फिरेल. आणि त्या घरात काहीतरी बिघडतंय हे सांगणारी एकमेव खूण तुम्ही पैसे देऊन पुसून टाकलेली असेल.

दार नुसत्या ओलाव्याने फुगूनही घासतं, हे मान्य. फरक कसा ओळखायचा तेही सांगतो. चौकटीच्या उभ्या बाजूला ओळंबा लावा, आडव्या बाजूवर लेव्हल ठेवा. चौकट काटकोनात आहे आणि फक्त लाकूड फुगलंय, तर निम्मी काळजी गेली. चौकटच कलली असेल, तर तिच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चढत गेलेली बारीक भेग आहे का पाहा. उजेडात नाही दिसायची. भिंतीला समांतर टॉर्च धरा, मग दिसते. भेग सापडली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने टोक रेघेच्या पुढे गेलंय का, एवढंच बघायचं.

मात्र तुमचं हे बघणं इंजिनिअरच्या ऐवजी नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर याच आठवड्यात घरात आला पाहिजे. तोपर्यंत त्या दोन खोल्यांत कुणी काम करणार नाही, आणि छतावर फरशीची खोकी, वाळू, पाण्याचं पिंप असं काही ठेवलं असेल तर ते आजच खाली उतरवा. टेकू लावायचे का, कुठे लावायचे, हे त्यालाच ठरवू दे. चुकीच्या जागी ठोकलेला टेकू कधीकधी छताला खालून भोसकतो. काढलेल्या भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर लागेल का आणि तो कशावर टेकेल, हे त्याच्याकडून लेखी घ्या. भिंत काढताना मिस्त्री ‘काही होत नाही’ म्हणाला असणार. मिस्त्री वाईट नसतात, पण छत कुठे टेकलंय हे त्यांनी गणित करून पाहिलेलं नसतं. शिवाय उद्या गिऱ्हाईकाने स्वतःचा जाणकार माणूस आणला, तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल: इथली भिंत कुणाच्या सल्ल्याने काढली? त्या वेळी हातात कागद असेल तर सौदा होतो. नसेल तर तो किमतीतून १० कापून मागतो, नाहीतर सरळ उठून जातो.

आता ओल.

भिंत दोनदा रंगवलीत, म्हणजे ओलीला दोनदा झाकलंत. ओल साधारण तीन वाटांनी येते. जमिनीतून वर चढते, बाहेरून आत शिरते, नाहीतर घरातल्याच पाण्याने होते. जमिनीतून चढणारी ओल बहुधा भिंतीच्या पूर्ण लांबीला, कमरेच्या आसपासच्या उंचीपर्यंत दिसते, आणि तिच्या वरच्या काठावर पांढरी, खारट पूड फुटते. याला लोणा लागणं म्हणतात. तुमची ओल बरोबर बाथरूमच्या मागे आणि गुडघ्याएवढीच आहे. न बघता सांगायचं तर माझा संशय भिंतीत दाबलेल्या नळाच्या पाइपवर, नाहीतर बाथरूमची फरशी आणि भिंत जिथे भेटतात त्या सांध्यावर आहे.

संशयावर भिंत फोडायची नाही. आधी घरातले सगळे नळ घट्ट बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन तास कुणी पाणी वापरू नका आणि पुन्हा बघा. आकडा सरकला, तर पाइप गळतोय. नाही सरकला, तर ओलीच्या वरच्या काठावर पेन्सिलीने रेघ ओढा आणि आठ दिवस बाथरूम कोरडी ठेवा. ओल रेघेच्या खाली उतरायला लागली, तर पाणी फरशीतून झिरपतंय. मग जाळीत बोळा घालून फरशीवर बोटभर पाणी तुंबवा आणि दिवसभर थांबा. मागच्या भिंतीने पुन्हा रंग बदलला की शंका उरत नाही. आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, तर प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा. दोन दिवसांनी प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे. तिथे वॉटरप्रूफिंग नको, खिडकी उघडी ठेवा.

कारण दुरुस्त झालं तरी लगेच रंगवायला धावू नका. जाड विटेची भिंत आतून वाळायला फार वेळ घेते. महिन्याला इंचभर, असा जुन्या लोकांचा अंदाज आहे आणि माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. सिमेंटचा नवा गिलावा केलात तर तोही महिनाभर सुकू द्या. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वर तकतकीत प्लॅस्टिक पेंट चढवला, की आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि रंगाचा फुगा धरतं. त्या फुग्यावर बोट ठेवून दाबून बघणारं गिऱ्हाईक मी कितीतरी वेळा पाहिलंय. पुढे ते काही बोलत नाही. घर बघून झाल्यावर ‘कळवतो’ म्हणतं आणि कळवत नाही.

आता पैशाकडे येऊ. तुमचेच आकडे घेतो.

१०० ला घर घेतलंत. नोंदणी, कर, वकील, दलाल मिळून किमान ७ गेले असणार. पत्रात ते कुठेच नाहीत. दुरुस्तीत २४. कर्जाचं व्याज, घराचा कर, विमा, वीज, राखण हे धरून महिन्याला १ जातो असं समजू. आठ महिन्यांचे ८. तुमची स्वतःची साठवण घातलीत तिला व्याज नाही असं म्हणू नका. ती बँकेत असती तर काहीतरी मिळवत होतीच. एकूण आजवर १३९. भावाने सोडलेल्या नोकरीचे आठ पगार यात धरलेले नाहीत.

इथून पुढे भावाच्या वाटेने गेलात, तर १२ त्याचे, आणि गर्डर व ओल यांचे निदान ३, जे त्याने धरलेलेच नाहीत. काम पुरं व्हायला चार महिने, विकून पैसे खात्यात पडायला आणखी तीन, म्हणजे ७. विक्रीची दलाली आणि कागदपत्रं ३. बेरीज १६४. दलालाचे १७० आले तरी उरले ६. पण त्याच रस्त्यावर १४८ ला सौदा झालाय. तुमचं घर सरस म्हणून १५० आले असं धरलं, तर १४ चा खड्डा.

दुसरी वाट. गर्डर आणि ओल ३. स्वयंपाकघरात साधा मजबूत ओटा, आहे त्या बाथरूमला स्वच्छ फरशी, सगळीकडे एकच फिका रंग, हे ३ मध्ये बसवायचं. चार महिन्यांत पैसे हातात, ४. विक्रीखर्च ३. बेरीज १५२. घर १४८ ला गेलं, तर ४ चा खड्डा.

मी हे दोनदा तपासलं. दोन्हीकडे तोटाच आहे. या घरातून आता नफा निघणार नाही, ताई. १४ जाऊ द्यायचे की ४, एवढंच ठरवायचं तुमच्या हातात उरलंय. मला हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुम्हाला रात्री झोप लागत नाही म्हणजे ही बेरीज तुम्ही मनात केव्हाच करून बसला आहात.

चूक कुठे झाली? टबात नाही. घर घेतलंत त्या दिवशी. सगळं काम ठरल्याप्रमाणे चार महिन्यांत आणि २० मध्ये झालं असतं, तरी घेतानाचे ७, सात महिन्यांचे ७ आणि विकतानाचे ३ वजा जाऊन ३० चे १३ च उरले असते, आणि एकही नळ अनपेक्षित फुटला नसता तर. अमेरिकेत घरं घेऊन, दुरुस्त करून विकणारे लोक ७० टक्क्यांचा एक ढोबळ नियम पाळतात: दुरुस्तीनंतर घर जेवढ्याला जाईल त्याचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि त्याहून एक पैसाही जास्त घराला द्यायचा नाही. तुमच्या घराला लावून बघा. १५० चे ७० टक्के १०५, त्यातून २० गेले, उरले ८५. तुम्ही १०० दिलेत. हा नियम काही देववाणी नाही, सगळीकडे जसाच्या तसा लागू पडेल असंही नाही. ‘एवढ्या स्वस्तात घर देतंय कोण?’ असं भाऊ विचारेल. बरोबर विचारेल. बहुतेक घरमालक देत नाहीत. म्हणूनच या धंद्यात मुरलेली माणसं दहा-वीस घरं बघून एक घेतात. हौशी माणूस पहिल्याच घराच्या प्रेमात पडतो आणि आकडे नंतर त्यात बसवत राहतो.

दलालाच्या १७० विषयी. तुम्ही घर त्याच्याकडे द्यावं म्हणून तो १७० म्हणतो. महिन्याभराने ‘बाजार थंड आहे’ म्हणून १५५ वर येईल. तो लबाड असेलच असं नाही, पण त्याला अंदाज चुकल्याचा दंड बसत नाही. त्याला विचारा, या भागात गेल्या वर्षभरात अशी किती घरं प्रत्यक्ष विकली गेली आणि कितीला. मागितलेली किंमत नको, झालेला सौदा सांग. अजून दोन दलालांना वेगवेगळं विचारा. अंदाज चुकणं केवढं महाग पडतं ते बघायचं तर झिलो या अमेरिकन कंपनीचं बघा. देशभरातल्या घरांच्या किमतींची माहिती आणि संगणकी गणित हाताशी असताना त्यांनी हजारो घरं घेऊन, किरकोळ डागडुजी करून विकण्याचा धंदा काढला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गुंडाळला. एकाच तिमाहीत घरांच्या साठ्यावर ३० कोटी डॉलरहून जास्त तोटा दाखवला आणि सुमारे २५ टक्के माणसं कमी केली. पुढच्या काही महिन्यांतल्या किमतींचा अंदाज भरवशाने करता येत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. दलालाच्या तोंडच्या १७० वर तुम्ही १२ चं कर्ज काढायला निघालात.

तेव्हा कर्ज नको. गर्डर आणि ओल यांच्यापुरतं लागलं, तर आणि तेवढंच.

आहे तसंच विकलं तर? भिंत काढलेलं, अर्धं उघडं पडलेलं घर फक्त दुसरा दुरुस्त करून विकणाराच घेतो, आणि तो ७० टक्क्यांचा नियम पाळतो. भाड्याने देऊन थांबायचं, तर भाड्यातून महिन्याचा तो १ निघतोय का ते आधी पाहा. बहुतेक ठिकाणी निघत नाही.

आता भावाबद्दल. तो हट्टी आहे असं मला वाटत नाही. त्याने आईवडिलांचं घर केलं तेव्हा लोकांनी कौतुक केलं. ते घर राहायचं होतं. तिथे आईला कोणती खिडकी हवी ते त्याला ठाऊक होतं. याही घरात तो त्याच मनाने काम करतोय. जणू इथे उद्या तोच राहायला येणार आहे. तुम्ही दोघांनी घर विकायला घेतलं आणि राहायला सजवताय, एवढीच खरी गोम आहे. मी हे वरच्या पायरीवरून सांगत नाही. मी स्वतः पहिलं घर केलं तेव्हा बाथरूमला गडद हिरव्या फरश्या आणि पितळी नळ लावले होते. महिनाभर दुकानं पालथी घालून मिळवलेले. पहिलं गिऱ्हाईक, एक मध्यमवयीन जोडपं, आत आलं. बाईंनी दार उघडलं, दिवा लावला, दोन क्षण बघितलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, ‘हे काढायला किती येईल हो?’ त्यानंतरच्या कुठल्याच घरात मी स्वतःच्या आवडीची एकही वस्तू लावली नाही.

गिऱ्हाईक घरात आल्यावर काय करतं ते एकदा लांबून बघा. आधी वास घेतं. मग छताच्या कोपऱ्यांकडे बघतं. नळ सोडतं आणि पाण्याला जोर आहे का पाहतं. फ्लश ओढतं. दोन-चार बटणं दाबतं, आणि विजेचा बोर्ड उघडून आत जुनी वायर आहे की नवी हे बघणारं एखादं निघतंच. फरशीवर टाच आपटतं. पोकळ आवाज आला की चेहरा बदलतो. टबाकडे बघून ‘वा’ म्हणतं, पण ‘वा’चे पैसे देत नाही. आणि रोज कामावर धावणाऱ्या माणसाला टबाची जागा दिसत नाही, तिथे मावलं असतं ते कपाट दिसतं. म्हणून उरलेले पैसे न दिसणाऱ्या गोष्टींवर आधी घाला: गळती, वायरिंग, अर्थिंग, वीज गळायला लागली की क्षणात ती तोडणारा आरसीसीबी, सांडपाण्याच्या पाइपचा उतार. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक पाइपचा आणि वायरचा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. बिलं, इंजिनिअरचं पत्र, हे फोटो एका फाइलमध्ये लावा आणि घर दाखवताना ती फाइल ओट्यावर उघडी ठेवा. ओल होती हेही सांगून टाका. कशी शोधली, कशी काढली, कधी काढली. लपवलेली ओल पहिल्या पावसात बाहेर येते, आणि मग ते भांडण विक्रीनंतरही तुमच्या दारात येतं.

भावाशी बोलताना माझं हे उत्तर त्याच्यापुढे टाकू नका. बाहेरच्या म्हाताऱ्याने काढलेली चूक कुणालाच पचत नाही. त्याला त्या घरातच घेऊन जा, कामगार नसतील अशा वेळी. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर चारच आकडे लिहा: आजवर एकूण किती गेले, अजून किती लागतील, किती महिने लागतील, आणि उद्या कुणी रोख पैसे घेऊन दारात आला तर कितीला देऊ. मग कागद एकमेकांना द्या. बोलू नका, नुसतं वाचा. दोघांचा पहिलाच आकडा जुळणार नाही, असं माझं भाकीत आहे. तो जुळवायला बिलं काढावी लागतील, आणि बिलं काढता काढता तो तुमच्यावर चिडायचं विसरेल. त्याच्या आठ पगारांचा विषय मात्र तुम्ही काढा, त्याने नाही. ‘तुझे कष्ट आपण धरलेच नाहीत’ हे वाक्य त्याने तुमच्या तोंडून ऐकलं, की टब सोडणं त्याला सोपं जाईल.

आणि तोटा कसा वाटायचा ते आजच कागदावर लिहा. पैसे तुमचे, कर्ज बहुधा दोघांच्या नावावर, राबला तो. भावंडांत कागद कशाला, असं वाटतं खरं. पण विक्रीच्या दिवशी खात्यात पैसे पडल्यावर हा प्रश्न निघाला, तर तो घराच्या किमतीपेक्षा महाग पडेल. कराचं हिशोबनीसाला विचारून घ्या. घर विकून आलेला पैसा धंद्याचं उत्पन्न धरला जातो की मालमत्तेवरचा लाभ, यावर बराच फरक पडतो, आणि खर्चाची बिलं नसतील तर वजावट मिळत नाही.

पुढचं घर घ्यावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण भाऊ विचारणार आहे. त्याच्यात गुण आहे. मिस्त्रींकडून काम करून घेता येणं, आठ महिने धुळीत उभं राहता येणं, हे सोपं नाही. त्याने आधी दुसऱ्यांच्या घरांची दुरुस्ती ठरलेल्या मेहनतान्यावर करून बघावी. तिथे गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं, व्याज त्याच्या डोक्यावर नसतं आणि हौस दुसऱ्याच्या पैशाने भागते. वर्षभराने तो स्वतः सांगेल, कोणत्या कामाला खरा किती वेळ लागतो. मग ८५ ला मिळणारं घर समोर आलं, तर बघा. तेव्हाही दुरुस्तीच्या अंदाजावर २० टक्के वेगळे काढून ठेवायचे आणि ते आहेत हे मिस्त्रीला कळू द्यायचं नाही.

इंजिनिअर येऊन गेला की काय म्हणाला ते कळवा, विशेषतः चौकटीचं. आणि तो टब अजून खोक्यातच असेल, वरची पट्टी फोडलेली नसेल, तर दुकानदार परत घेतो का ते उद्याच विचारून बघा. पावती भावाकडे असेल.